पाच बाय दोन बाय दोन

हेमलता: तुझे बाबा म्हणाले होते, मासा बोटाएवढाच राहील. हा फोटो बघ. हे बोट दिसून राहिलं का तुला?

आल्हाद: मॅडम, बाबांच्या टाइमला सगळेच दुकानदार असं सांगायचे. सकर घेऊन जा, टँक साफ ठेवतो, अन् टँक जेवढा तेवढाच वाढतो. त्यांना पण तेच माहीत होतं.

हेमलता: गुणवंतभाऊंना दोष नाही देत मी. पाच वर्षांपूर्वी त्यांनी पिशवीत बांधून दिला तेव्हा खरंच दोन इंचांचा होता. आता तू सांग. तुझ्या दुकानात तू काय सांगतोस लोकांना?

आल्हाद: मी आधी विचारतो, टँक किती फुटाचा. दोन-अडीच फुटाचा असला तर हा वाला देतच नाही. त्याला छोटा देतो, ब्रिसलनोज. तो चार-पाच इंचांवर थांबतो. तुमचा सकर कॉमन प्लेको जातीचा आहे मॅडम. तो एक फूट, सवा फूट, कधी कधी दीड फुटापर्यंत जातो.

हेमलता: अन् टँक लहान असला तर? लहानच राहतो ना?

आल्हाद: लहान नाही राहत, बीमार पडतो. मतलब, वाढायचं ते वाढतोच, पण वाकडा. पोट आत घुसतं. घाण पण फार करतो तो, लोक उलटं समजतात की साफ करतो. छोट्या टँकमध्ये त्याच्याच घाणीनं पाणी खराब होतं.

हेमलता: आमचा टँक अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद. मासा अकरा इंच. आता सांग, तो वळेल कसा?

आल्हाद: मॅडम, गणित नका ना विचारू.

हेमलता: काहून? अठ्ठावीस मार्कांवरून तेहेतीसवर मी आणलं होतं तुला दहावीत. तेवढं तर सांगशील.

आल्हाद: वळतो, पण शेपटी काचेला घासते.

हेमलता: घासते. मी रोज पाहते. दिवसभर पंपाच्या मागे तोंड खुपसून बसलेला असतो अन् वळायचं म्हटलं की धडका मारत वळतो. म्हणून तर ऑटो करून ओमतीपर्यंत, तुझ्या दुकानात आले. हा मासा तू परत घे.

आल्हाद: परत? पण मॅडम, आज स्कूल नाही का तुम्हाला?

हेमलता: शाळा मार्चमध्ये सोडली मी. तुला माहीत नाही?

आल्हाद: सोडली? रिटायरमेंटला तर टाइम होता ना तुमच्या?

हेमलता: चार वर्षं होती. पण आम्ही चाललो पुण्याला. मुलीकडे, चिन्मयीकडे, कायमचं. तिची लेक दोन वर्षांची झाली, तिला पाळणाघरात ठेवून राहिली ती. तिनं आमच्यासाठी मोठं घर घेतलं भाड्यानं, एक खोली आमची. दिवाळी इथं झाली की निघायचं. आता हा मासा काय रेल्वेत मांडीवर घेऊन जाऊ? म्हणून म्हणते, परत घे.

आल्हाद: अच्छा. पुण्याला. काका पण?

हेमलता: हे काय विचारणं झालं?

आल्हाद: नाही, असंच.

हेमलता: मग घेतोस ना?

आल्हाद: मॅडम, ठेवू कुठं? हे बघा, माझे सगळे टँक दोन-दोन फुटांचे. यांच्यात एवढा मोठा टाकला तर रात्रभर दणादण उड्या मारेल, बाकीच्या मछलीची चिकट साल पण चाटून काढेल. अन् एवढा मोठा सकर कोणी घेत नाही. सगळ्यांना दोन इंचवालाच पाहिजे.

हेमलता: मग ग्वारीघाटावर नेऊन सोडते. नर्मदामाईत. आमच्या शेजारच्या काकू दर अमावास्येला बाजारातून जिवंत मासे घेऊन सोडतात, पुण्य लागतं म्हणून.

आल्हाद: ते पाप नका करू मॅडम. हा बाहेरचा आहे, आपल्या नदीचा नाही. याच्या अंगावर चिलखत असतं, कोणी खात नाही त्याला, अन् हा दुसऱ्यांची अंडी खातो. किनाऱ्यात बिळं करतो. मी घाटावर बोर्ड लावायला सांगून राहिलो पंडितजींना, ऐकत नाही कोणी.

हेमलता: बरं. नदी नाही, तू नाही. मग असा मासा ठेवायचा तर खरा टँक केवढा लागतो, ते तरी सांग. शोधते मी असा टँकवाला माणूस.

आल्हाद: पाच बाय दोन बाय दोन. रुंदी महत्त्वाची, दोन फूट पाहिजेच, म्हणजे तो आरामात वळतो. बारा एमएमची काच. खाली बारीक गोल वाळू, टोकदार गिट्टी नाही, पोट घासतं त्याचं. एक मोठं लाकूड, ते तो खरवडून खातो अन् त्याच्याखाली दिवसा झोपतो. कॅनिस्टर फिल्टर, तो बाहेर ठेवायचा डबेवाला, दोन लावले तर बेस्ट. वरती जड झाकण. लोखंडी स्टँड, सहा पायांचा, बीचमें सपोर्ट.

हेमलता: वा. पाढे तर तुला बारापर्यंत कधी आले नाहीत. हे एवढं तोंडपाठ कसं?

आल्हाद: आता एक बनवून राहिलो ना असाच. म्हणून.

हेमलता: कोणासाठी?

आल्हाद: आहेत एक गिऱ्हाईक.

हेमलता: राहतात कुठं?

आल्हाद: इथंच. मतलब, गढ्याकडं.

हेमलता: गढ्यात? आमच्या गढ्यात? अरे मग झालंच की. नाव सांग, आजच जाऊन भेटते. त्यांच्या पाच फुटांत माझा एक मासा काही जड नाही होणार.

आल्हाद: नाव… नाव डायरीत असेल मॅडम. मी चहा सांगतो तुमच्यासाठी.

हेमलता: चहा नको. आल्हाद, तू खोटं बोलताना कान चोळतोस. नववीपासून. ते भिंतीवर काय लावलं आहे तुझ्यामागं?

आल्हाद: ते असंच. काचवाल्याला दाखवायला.

हेमलता: काढ खाली. दे इकडे.

आल्हाद: मॅडम, काकांनी सांगितलं होतं की सरप्राइज आहे. माझं नाव नका घेऊ, प्लीज.

हेमलता: सात आकडा मध्ये कापून लिहिणारा माणूस मी एकतीस वर्षं ओळखते. नाव कशाला घ्यायला पाहिजे तुझं? हे ह्यांचं ड्रॉइंग आहे.

आल्हाद: हौ. एवढं सुंदर ड्रॉइंग मी जिंदगीत पाहिलं नाही मॅडम. समोरून, वरून, बाजूनं, सगळं. काचवाला म्हणे, किसी इंजिनियर ने बनाया क्या. मी म्हटलं, फॅक्टरीतले ड्राफ्ट्समन होते, पस्तीस साल तेच केलं त्यांनी.

हेमलता: पाच गुणिले दोन गुणिले दोन, वीस घनफूट. घनफुटाला अठ्ठावीस लिटर. पाचशे साठ लिटर पाणी. हा टँक पुण्याला कसा नेणार आहेत म्हणे हे?

आल्हाद: पुण्याला? हा नाही नेता येत मॅडम. पाणी, काच, वाळू, स्टँड मिळून आठशे किलो होतात. बैठकीच्या खोलीत तुमची जुनी फरशी आहे ना, ती वजन घेणार नाही म्हणून काकांनी खाली काँक्रीट भरायला सांगितलं. बंटी मिस्त्री येणार रविवारी. स्टँडचे पाय त्याच्यातच बसवायचे.

हेमलता: रविवारी मी पाटनला असेन. शकुकडे. दोन दिवस.

आल्हाद: हौ, काका तेच म्हणाले. मॅडम घरी नसतील तेव्हा करून टाकू, परत येतील तर टँक चालू.

हेमलता: पाटनला जा, जा म्हणून आठ दिवस मागे लागले होते. बहिणीला भेटून घे, नंतर पुण्याहून येणं होत नाही म्हणे. मी म्हटलं, किती जीव लावतो हा माणूस माझ्या माहेरच्यांना.

आल्हाद: मॅडम, कदाचित पुण्याचं जरा पुढे गेलं असेल. काका सांगणार असतील.

हेमलता: थांब जरा. हे खाली काय लिहिलं आहे? चष्मा… हां. "जागा: बैठकीची खोली, उत्तरेची भिंत. स्वरूप: स्थायी." स्थायी लिहिलं आहे, आल्हाद.

आल्हाद: ते फॅक्टरीचं लिहिणं असेल.

हेमलता: अन् हा चौकोन, कोपऱ्यातला.

आल्हाद: तो तारखांचा. काका म्हणतात, ड्रॉइंगमध्ये काही पण बदललं तर तारीख टाकायची अन् सही करायची. नाहीतर कारखान्यात माणूस मरतो. मला पण सवय लावली त्यांनी.

हेमलता: पहिली तारीख, बारा जानेवारी.

आल्हाद: हौ, संक्रांतीच्या आधीच आणलं होतं त्यांनी. मी म्हटलं काका, ऑर्डर टाकू? म्हणाले, अभी नहीं. मार्च जाऊ दे.

हेमलता: काय म्हणाले?

आल्हाद: मार्च जाऊ दे.

हेमलता: परत सांग.

आल्हाद: मॅडम, एवढंच म्हणाले. मार्च जाऊ दे, मग बघू. एप्रिलमध्ये आले, झाकणाचं माप बदललं. तेव्हा पण मी विचारलं. म्हणाले, शाळा एकदा सुरू होऊ दे नवीन सेशनची. मला वाटलं, पोरांच्या ॲडमिशनचा टाइम असतो, लोकांचे खर्च असतात. मग बावीस जुलैला आले अन् म्हणाले, आता टाक ऑर्डर.

हेमलता: अठरा जुलैला सलोनी रुजू झाली.

आल्हाद: कोण सलोनी?

हेमलता: माझ्या जागेवर आली ती. गणिताची. एकोणीसला मी तिला माझ्या कपाटाची चावी देऊन आले. घरी येऊन ह्यांना सांगितलं, आज खरं सुटलं सगळं. ह्यांनी मला पाणी आणून दिलं. तिसऱ्या दिवशी इथं येऊन ऑर्डर दिली.

आल्हाद: अरे. मार्च. तुम्ही मार्चमध्ये… मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं.

हेमलता: तुला कसं माहीत असणार? मला नव्हतं. राजीनामा मी फेब्रुवारीत लिहिला. टँक जानेवारीत काढून ठेवला होता ह्यांनी. पुण्याला जायचं ह्यांच्या मनात तेव्हाही नव्हतं. वाट कशाची पाहून राहिले होते, तर माझा परतीचा रस्ता बंद व्हायची.

आल्हाद: तुम्ही बसा मॅडम.

हेमलता: नको. हे पण सकाळी पिशवी घेऊन निघाले आहेत. किती वाजता येणार आहेत ते?

आल्हाद: कोण?

हेमलता: आल्हाद, कान.

आल्हाद: अकराला. काचेचं माप तपासायला. आता येतीलच. मी फोन करून उद्या या म्हणू का?

हेमलता: येऊ दे.

(हेमलताचे पती विनय दुकानात येतात. एका हातात स्टीलची मोजपट्टी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी.)

विनय: आल्हाद, काच उन्हात नको ठेवू बरं का, सकाळचं माप वेगळं येतं अन्… अगं, तू इथं?

हेमलता: मासा परत घेतो का, विचारायला आले होते.

विनय: मला सांगायचं ना. मी आणला असता.

हेमलता: तुम्ही भाजी आणायला गेला होता.

विनय: हां. भाजी पण घेतली. पालक मिळाला चांगला.

हेमलता: बसा. हे तुमचं आहे ना?

विनय: आल्हाद, तुला म्हटलं होतं मी.

आल्हाद: काका, मी नाही… भिंतीवर होतं.

हेमलता: त्याला काही बोलू नका. ड्रॉइंग चांगलं आहे. काचवाला पण म्हणाला म्हणे. मला फक्त तारखा समजत नाहीत, त्या समजावून सांगा.

विनय: घरी चल. घरी बोलू.

हेमलता: घरी आठ महिने बोललो आपण. मी बांधाबांध करत होते, तुम्ही खोक्यांवर नावं लिहून देत होता. स्वयंपाकघर, पुस्तकं, गरम कपडे. आता इथंच सांगा.

आल्हाद: मी जरा बाहेर थांबतो.

हेमलता: तू बस. तुझं दुकान आहे. जावं लागलं तर आम्ही जाऊ.

विनय: हे बघ, माशाला टँक हवाच होता. तूच म्हणत होतीस, बिचारा वळत नाही, शेपटी घासते.

हेमलता: माशाचं नाव पुढं करू नका. बारा जानेवारी. त्या दिवशी तुम्हाला पुण्याला जायचं होतं की नव्हतं?

विनय: ते असं एका शब्दात नाही सांगता येत.

हेमलता: येतं. तुम्ही सुताएवढी चूक चालू देत नाही ड्रॉइंगमध्ये. होतं की नव्हतं?

विनय: नव्हतं.

हेमलता: आधी कधी तरी होतं?

विनय: नाही. माझे सगळे इथं आहेत. सकाळी फिरायला जातो ती चार माणसं आहेत. पुण्यात मी चिन्मयीच्या गॅलरीत बसून काय करू?

हेमलता: मग गेल्या दिवाळीत चिन्मयीसमोर विषय कोणी काढला? मी काढला? मी तर म्हणत होते, चार वर्षं थांबा, माझी नोकरी पुरी होऊ द्या. तुम्ही म्हणालात, नात तोपर्यंत शाळेत जाईल, तेव्हा आजीचं काय काम.

विनय: मीच म्हणालो.

हेमलता: काहून?

विनय: तू सकाळी साडेसहाला जायचीस. तीनला यायचीस. साडेतीनला शिकवणीच्या मुली. सात वाजेपर्यंत. मग तपासायच्या वह्या. मला रिटायर होऊन तीन वर्षं झाली हेमा. दुपारी मी कोणाशी बोलतो माहीत आहे? त्या टँकशी. त्याला पण दिवसा झोपायचं असतं, तो पंपाच्या मागे जातो.

हेमलता: तर मला म्हणायचं होतं, घरी राहा.

विनय: म्हटलं. दोनदा म्हटलं.

हेमलता: मी काय म्हणाले?

विनय: हसलीस.

हेमलता: हसले असेन.

विनय: एकदा म्हणालीस, तुम्हीच या शाळेत, फळा पुसायला. आल्हाद, हसू नको, खरंच म्हणाली ही. मला वाईट वाटलं होतं. नातीचं नाव घेतलं तर तू तीन महिन्यांत राजीनामा लिहिलास. माझं नाव घेतलं तेव्हा हसलीस. मग मी काय समजायचं?

हेमलता: मी हसले. चुकलं माझं. पण मी तुमच्याशी खोटं नाही बोलले. माझ्या निरोपसमारंभाला तुम्ही पहिल्या रांगेत बसला होता. पोरी रडत होत्या, मी रडत होते. तुम्ही उठून बोललात. काय बोललात, आठवतं?

विनय: जाऊ दे ना आता.

हेमलता: आता या मॅडम नातीला पाढे शिकवतील, म्हणालात. टाळ्या पडल्या. तेव्हा हे ड्रॉइंग काढून दोन महिने झाले होते. अन् मी घरी आल्यावर तुमच्या पाया पडले, की मी थांबा म्हणत होते तरी तुम्ही मला नातीजवळ नेऊन राहिले म्हणून.

विनय: तू आपल्या घरात राहणार होतीस. माझ्याबरोबर. यात तुझं नुकसान काय होतं, ते सांग मला. तुझ्या आवडीचं घर, पुढे अंगण, समोर मोठा टँक. संध्याकाळी दोघं बसलो असतो.

हेमलता: घराला गिऱ्हाईक पाहून राहिलो म्हणून सांगत होता. दलालाला सांगितलं होतं?

विनय: नाही.

हेमलता: तो शैलेंद्र म्हणून आला होता पाहायला, त्याला घर पसंत नाही पडलं म्हणालात.

विनय: त्याला पसंत होतं. मीच म्हटलं, विकायचं नाही.

हेमलता: चिन्मयीला काय सांगणार होता?

विनय: आईची तब्येत जरा बरी नसते म्हणून सांगणार होतो. प्रवास झेपणार नाही म्हणून.

हेमलता: माझी तब्येत.

विनय: कोणाची तरी सांगावी लागली असती.

आल्हाद: काका, सॉरी, पण हे बरोबर नाही केलं तुम्ही.

विनय: तू मध्ये बोलू नको.

हेमलता: बोलू दे. वर्गात कधी बोलला नाही, आता बोलून राहिला. शाळेत सत्तावीस वर्षं झाली असती मला या जूनला. मोठ्या मॅडम म्हणत होत्या, पुढच्या साली उपप्राचार्य तुम्हीच. मी घरी सांगितलं नाही तुम्हाला. म्हटलं, आता जायचंच आहे तर ह्यांना काहून वाईट वाटू द्यायचं. बघा, मी पण एक गोष्ट लपवलीच.

विनय: मला माहीत नव्हतं ते.

हेमलता: माहीत असतं तर? टँक नसता काढला?

(विनय मोजपट्टी पिशवीत ठेवतात.)

हेमलता: बरोबर. काढला असता.

विनय: शाळेत परत विचारून पाहू. मी येतो तुझ्याबरोबर. सांगू की आमचं जाणं रद्द झालं.

हेमलता: अन् सलोनीला काय सांगू? मुली, तुझं नेमणुकीचं पत्र फाडून टाक, आमच्या घरी एक टँक येणार आहे? तिचं लहान मूल आहे, दोन वर्षं बिनपगारी घरी होती ती.

विनय: मग काय करायचं ते तू सांग. मी रद्द करतो हे. आल्हाद, ऑर्डर रद्द.

आल्हाद: काका, काच कापून झाली आहे.

हेमलता: रद्द नाही करायचं. टँक रविवारी लागेल. ड्रॉइंगप्रमाणे. माशाचा काही दोष नाही, त्याला पाच वर्षांत एकदा तरी नीट वळायला मिळू दे. बंटीला सांग, मी पाटनला जाणार नाही, घरी असेन. फरशी फोडायच्या आधी माझी खोकी तिथून हलवायची आहेत.

विनय: खोकी उघडून टाकू आपण. मी उघडतो आजच.

हेमलता: त्यातली अर्धी खोकी उघडायची नाहीत. मी चिन्मयीला सांगितलं आहे, दिवाळी झाली की येते. तुमच्यासारखं मला तारखांवर तारखा टाकता येत नाहीत. मी एकदाच सांगते.

विनय: आणि मी?

हेमलता: तुमचं तर लिहिलंच आहे ना कोपऱ्यात. स्थायी.

विनय: हेमा, असं नको करू. लोक काय म्हणतील?

हेमलता: तुम्ही काहीतरी सांगाल त्यांना. सुचतं तुम्हाला.

विनय: किती दिवसांसाठी?

हेमलता: मला नाही माहीत. मी आता तुमच्याकडे पाहून राहिले, तर मला हेच कळत नाही की समोर कोण बसलं आहे. ते कळलं की सांगते. आल्हाद, कागद-पेन दे ह्यांना. अन् या माशाचं काय काय करावं लागतं, ते सगळं सांग. हे लिहून घेतील.

आल्हाद: आता?

हेमलता: आता. पाच वर्षं मी करत होते, ह्यांनी फक्त पाहिलं आहे.

आल्हाद: काका, लिहा. खाणं संध्याकाळी, लाइट बंद झाल्यावर. बुडणारी गोळी, दोन. आठवड्यातून दोन वेळा दुधी नाहीतर काकडी, थोडी उकडून, काट्याला टोचून खाली सोडायची. सकाळी उरलेलं काढायचं, नाहीतर सडतं. लाकूड आधी आठवडाभर भिजत ठेवायचं. नवीन टँक लागला म्हणून लगेच भरून मछली नाही टाकायची, जुन्या फिल्टरचा स्पंज नवीनमध्ये लावून तीन-चार हफ्ते चालू ठेवायचा. फिल्टर महिन्याला धुवायचा, पण टँकच्याच पाण्यात. नळाच्या पाण्यात नाही. झालं लिहून?

विनय: टँकच्याच पाण्यात. हां.

आल्हाद: अन् दर हफ्त्याला पाणी बदलायचं. तिसरा हिस्सा.

हेमलता: पाचशे साठचा तिसरा हिस्सा किती रे?

आल्हाद: एकशे… छियासी. जवळजवळ सत्त्याऐंशी.

हेमलता: शाब्बास.

विनय: म्हणजे बारा-तेरा बादल्या. तेवढं आपण दोघं मिळून करू ना. तू जाईपर्यंत तरी. एक जण भरेल, एक जण ओतेल.

हेमलता: आल्हाद, एका माणसाला जमतं का हे?

आल्हाद: पाइप लावला तर जमतं, मॅडम.

हेमलता: मग ह्यांना पाइप दे. जरा लांब दे, आमचा नळ मागच्या अंगणात आहे.